मोठेबाबांची घागर

अखजीच्या दिवशी आमच्याकडे मेलेल्या माणसांना पाणी देतात. पुस्तकात तिला अक्षय तृतीया म्हणतात आणि शहरातले लोक त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. आम्ही वैनगंगेच्या काठचे लोक मातीच्या घागरी घेतो. स्वयंपाकघरात भिंतीशी तांदळाच्या छोट्या राशी घालायच्या, त्यावर नव्या घागरी ओळीनं मांडायच्या, पाणी भरायचं, तोंडावर कच्चा आंबा ठेवायचा. मग एकेकाचं नाव घेऊन सांगायचं, या, पाणी घ्या. ऊन आपल्याला लागतं तसं त्यांनाही लागत असणार, एवढा साधा हिशेब. त्याआधी घरात कोणी आंब्याला तोंड लावत नाही आणि नव्या घागरीचं पाणीही पीत नाही. पहिला मान त्यांचा असतो.

आमच्या ओळीत आजोबा आहेत, आजी आहे, माझे आईबाबा आहेत, आणि अगदी शेवटी माझी बायको आहे. आजीच्या आणि बाबांच्या घागरींच्या मधे मात्र एका घागरीची जागा मोकळी असते. ओळ वाढत गेली, पण मला कळायला लागलं तेव्हापासून ती जागा मोकळीच आहे. लहानपणी मी तिथं पाट टाकून बसायला गेलो तर पाठीत धपाटा बसला होता. तो धपाटा मोठीमायचा होता आणि जागा मोठेबाबांची.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठीमायचे नवरे. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते गेले त्यानंतरच्या पावसाळ्यात मी जन्मलो. ते नौदलात होते आणि एकाहत्तरच्या लढाईत त्यांचं जहाज बुडालं. आमच्या झाडीपट्टीतला माणूस, धानाच्या बांध्यांत वाढलेला, जन्मात समुद्र न पाहिलेला, तो नौदलात कसा गेला याची गोष्ट बाबा मोठ्या हौसेनं सांगायचे. मोठेबाबा नागपूरला भरतीला गेले ते फौजेत जायचं म्हणून. तिथं एका साहेबानं विचारलं, पोहता येतं का? मोठेबाबा म्हणाले, पुरात वैनगंगा पार करतो. साहेब हसला आणि त्यानं यांना दुसऱ्या रांगेत उभं केलं. गावात आल्यावर लोकांनी विचारलं कशात लागलास, तर म्हणाले नेव्हीत. लोकांनी ऐकलं नवीत. मग गावभर झालं, पोरगा नव्या फौजेत लागला. एका म्हाताऱ्यानं तर काळजीनं विचारलं होतं म्हणे, "काऊन गा, जुन्या फौजेत जागा नाई राह्यली काय?"

त्यांचा एकच फोटो घरात आहे. पांढरे कपडे, गोल टोपी, आणि तोंडावर हसू आवरल्याचा भाव. लहानपणी मला ते लग्नातल्या ब्यान्डवाल्यासारखे वाटायचे. एकदा मी तसं बोललो आणि मोठीमाय चक्क हसली. "मलेबी तसंच वाटलं होतं," म्हणाली.

लग्न होऊन ती या घरात आली आणि दोन सुट्ट्यांपुरता संसार झाला. मग तार आली. पोस्टमननं ती ओट्यावर उभं राहून वाचली आणि हिंदीत सांगितलं, लापता हैं. घरात रडारड सुरू झाली. मोठीमाय रडली नाही. तिनं सासऱ्यांना पदराआडून विचारलं, लापता म्हणजे काय? कोणीतरी सांगितलं, पत्ता नाही. ती म्हणाली, "पत्ता गमावला असन त्यायनं. सापडला का येतीन."

नंतर सरकारचे कागद आले, साहेब आले, भाषण झालं, शाल आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कुंकू काही पुसलं नाही. पेन्शन सुरू झाली ती घ्यायची, पण घेताना "त्यायनं पाठोले" म्हणायची. कचेरीत साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं की माझ्या बाबांकडे बोट करायची, हा सांगते. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, आणि जिवंत नवऱ्याचं तर नाहीच नाही. गावातल्या बायांनी आधी कुजबुज केली, मग तोंडावर टोमणे मारले, मग थकल्या. ही आपली हिरव्या बांगड्या भरून हळदीकुंकवाला जायची, बसायची, उठून यायची.

तिच्याजवळ कारणही पक्कं होतं. "ज्याले वैनगंगेनं बुडवलं नाई त्याले कोन बुडवन?" ती विचारायची. पुराच्या वेळी लोक म्हशीचं शेपूट धरून नदी पार करतात. मोठेबाबा आपल्या हातांनी करायचे. हे तिनं नव्या नवरीच्या डोळ्यांनी घाटावर उभं राहून पाहिलं होतं, आणि डोळ्यांनी पाहिलेल्यापुढे तारेतल्या शब्दाची काय मजाल. जहाज बुडालं असेल, ती मान्य करायची. आमच्या नदीतही डोंगे उलटतात. पण डोंगा उलटला म्हणून पोहणारा माणूस मरत नाही, तो कुठंतरी काठाला लागतो. लागले असतील. तिकडचं बोलणं कळत नसेल. येतील.

दर अखजीला बाबा विचारायचे, "वयनी, दादाची मांडू काय?" आणि ती म्हणायची, "जित्या मानसाची घागर मांडतेत काय?" बाबा गेले, तेव्हापासून विचारायचं काम माझ्याकडे आलं. मीही तेच उत्तर ऐकत आलो.

आता माझंही सांगतो, नाहीतर हे सगळं मी का केलं ते कळायचं नाही. मी एसटीत ड्रायव्हर होतो. गडचिरोली डेपो. धानोऱ्याची गाडी, हेमलकशाकडची मुक्कामी गाडी, जंगलातून जाणारे ते रस्ते सगळे माझ्या हाताखालून गेले. आयुष्यभर माझ्या डोक्यामागच्या पत्र्यावर "चालकाशी बोलू नये" असं लिहिलेलं होतं, आणि लोकांनी ते फारच मनावर घेतलं. गाडीत पन्नास माणसं बोलत असायची आणि मी आरशात त्यांची हलणारी तोंडं पाहायचो. घरी बोलायला बायको होती. ती भरपूर बोलायची, माझ्या वाटचंही. एका पावसाळ्यात ताप डोक्यात गेला आणि ती गेली. मूलबाळ झालं नव्हतं. मग मी मुदतीआधीच रिटायर होऊन गावच्या घरी आलो, मोठीमायजवळ. म्हणजे घरात दोन माणसं. ती अंगणातल्या बाजेवर आणि मी ओट्यावर. "चाय?" "ठेव." झालं, सकाळ संपली.

खरं सांगायचं तर मी तिला सांभाळायला आलो असं गावाला वाटतं, पण मी माझ्या भीतीनं आलो. बायकोची घागर पहिल्यांदा भरली त्या अखजीला माझ्या मनात आलं, माझी कोण भरेल? मोठीमायची मी भरीन. पण ओळीच्या शेवटी जो राहतो त्याचं काय? हा विचार एकदा शिरला की निघत नाही. धान कापताना, चहा पिताना, बाजारात भाजी निवडताना तो आपला येऊन बसतो. आणि मग मला त्या मोकळ्या जागेचा राग यायचा. इथं एका माणसाला पाणी द्यायला मी हात धुऊन बसलोय आणि ही म्हातारी देऊ देत नाही. ती गेली आणि मीही गेलो, तर मोठेबाबांना पाणी द्यायला जगात कोणी उरणार नाही. आम्ही दोघं जिवंत आहोत तोवरच त्यांची घागर भरली जाऊ शकत होती, आणि गेल्या हिवाळ्यात मोठीमाय अशी आजारी पडली की तेही कठीण दिसू लागलं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर काही दिवसांनी मी बोललोच. "मोठीमाय, औंदा तरी त्यायची मांडू काय?"

ती बाजेवर पडून होती. कूस बदलून तिनं माझ्याकडे तोंड केलं. मग म्हणाली, "तू पायलास काय?"

"काय?"

"तिथं. कोनीच जाऊन पायलं नाई. तुया बाप म्हने, गेले. तुया आजा म्हने, गेले. एकबी जाऊन आला नाई. त्यायच्या नावाचा दगड लावला म्हनते समुद्राजवळ. तू जा. आता तुयी गाडीबी नाई अन बायकोबी नाई. जाऊन पाय, मंग बोल."

बोलणं तिचं असंच आहे, जखमेवर सरळ बोट. पण बरोबर बोलली. आम्ही तिला वेडी ठरवलं होतं आणि आमच्यातला एकही जण खात्री करायला गेला नव्हता.

निघताना तिनं मला ओट्यावर थांबवलं. "तिथलं पानी आनजो." काशीला जाणाऱ्याला गंगेचं सांगतात तसं.

मी म्हणालो, "समुद्राचं पानी खारं रायते, मोठीमाय."

"आपल्या खाऱ्या विहिरीवानी?"

गावाच्या वरच्या अंगाला एक विहीर आहे. तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहा फाटल्यासारखा होतो, पण उन्हाळ्यात नळ आटला की सगळं गाव तेच पितं. मी तेच पिऊन वाढलोय. मी म्हणालो, "हो, तसंच असन." समुद्र मीही पाहिलेला नव्हता.

नागपूरपर्यंत एसटी, मग गुजरातची गाडी, मग पुन्हा बस, अशी मजल दरमजल करत गेलो. ड्रायव्हरला प्रवासी म्हणून बसवणं ही शिक्षा आहे. तिकडच्या बसमध्ये प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता आणि शेजारचा माणूस माझ्या पायाकडे संशयानं पाहत होता. एका वळणानंतर झाडं संपली आणि डाव्या हाताला पाणी दिसलं.

मी पहिल्यांदा जे शोधलं ते पलीकडचा काठ. सवयच तशी. आम्हाला पाणी म्हटलं की दोन काठ ठाऊक. वैनगंगेला केवढाही पूर येवो, पलीकडच्या गावच्या झाडांचे शेंडे दिसतात. पोहणारा त्या शेंड्यांवर नजर ठेवून हात मारतो. इथं मी मान इकडून तिकडे फिरवली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. शेंडे नव्हते. मोठेबाबांनी कशावर नजर ठेवली असेल? बस थांबली तरी मी उठलो नाही. कंडक्टरला ओरडावं लागलं.

स्मारक समुद्राच्या काठी एका टेकाडावर होतं. जागा स्वच्छ, पायऱ्या धुतलेल्या, झेंडा वाऱ्यानं फडफडत होता. मधोमध काचेच्या पेटीत जहाजाची छोटी प्रतिकृती ठेवलेली आणि जवळच दगडावर नावं. लोक सहलीला आले होते, कोणी मक्याचं कणीस खात होतं, कोणी झेंड्यापुढे फोटो काढत होतं. नव्यानं लग्न झालेल्या एका जोडप्यानं मला मोबाईल दिला, अंकल जरा काढा ना. मी काढला. मागे पेटीतलं जहाजही आलं पाहिजे म्हणाले, म्हणून दोन पावलं मागे सरकून पुन्हा काढला. त्यांचा राग आला असं नाही. पोरगी हातातला चुडा वाऱ्यात सांभाळत हसत होती. मोठीमाय तेवढ्याच वयाची असेल तेव्हा.

नाव सापडलं. बोटानं एकेक ओळ खाली उतरत गेलो आणि सापडलं. मी त्यावर हात ठेवला. दगड उन्हानं तापला होता. काय करायचं असतं अशा वेळी ते मला माहीत नव्हतं. रडू येईल असं वाटलं होतं, पण न पाहिलेल्या माणसासाठी रडू येत नाही. शेवटी घरून कोणी आलं की आपण घरची खबर सांगतो, तशी मी सांगितली. हळूच, आपल्या बोलीत. "मोठीमाय बरी हाय. ढोपरं दुखतेत म्हनते. औंदा धान बरा झाला. बाबा गेले." मग वाटलं, बाबा गेले हे तर यांना आधीच कळलं असेल, आणि मी दगडावरचा हात काढला.

मागे वर्दीतला पहारेकरी उभा होता. वयस्क माणूस. त्यानं विचारलं, "कोई था आपका?"

"मेरे बड़े पिताजी हैं," मी म्हणालो. मग सुधारलं, "थे." मग वाटलं, हे मी मोठीमायला न विचारताच ठरवून टाकलं. म्हणून पुन्हा "हैं" म्हणालो. पहारेकऱ्यानं मान हलवली आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. त्याला अशी माणसं भेटत असावीत.

मग मी काचेपुढे गेलो. मोठेबाबा इंजिनाकडे कामाला होते एवढं आम्हाला ठाऊक होतं. इंजिन म्हणजे मला कळणारी गोष्ट. जहाजाचा वरचा भाग केवढा तरी बारीक कामाचा, तोफा, शिड्या, दोऱ्या, आणि खाली मात्र नुसता गुळगुळीत पत्रा. इंजिन त्या पत्र्याच्या आत, पाण्याच्या रेषेखाली. तिथं खिडकी नव्हती. मी तीस वर्षं इंजिनाशेजारी बसलो, पण माझ्यापुढे काच होती, रस्ता दिसत होता. यांना पुढचं काही दिसत नसणार. मी त्या पत्र्याकडे पाहत राहिलो आणि मला कळलं की पोहता येण्याचा काही उपयोग झाला नसेल. पाण्यात हात मारायला आधी पाण्यापर्यंत पोचावं लागतं.

तिथं गर्दी होती, पोरं ओरडत होती, आणि मी इतका एकटा आयुष्यात कधी नव्हतो. बायकोला जाळून आलो त्या दिवशी दारात सगळं गाव होतं, कोणी चहा केला, कोणी नुसतं शेजारी बसलं. इथं हे जे मला कळलं ते सांगायला कोणी नव्हतं, आणि ज्या एका माणसाला सांगायला पाहिजे तिला सांगायची माझी हिंमत नव्हती.

खाली उतरून पाण्याकडे गेलो. जवळ पिण्याच्या पाण्याची एकच बाटली होती. ती मी वाळूत रिकामी केली आणि समुद्राचं पाणी भरायला वाकलो. लाट कशी येते याचा अंदाज नदीच्या माणसाला नसतो. गुडघ्यापर्यंत पँट भिजली आणि तोंडावर पाण्याचा सपकारा बसला. थू थू करत मागे आलो. जीभ नुसती चरचरली. बाटली भरली, टोपण घट्ट केलं, आणि स्टँडकडे चालू लागलो. ऊन रणरणत होतं, वाटेत दुकान नव्हतं, घसा कोरडा पडला होता. हातात भरलेली बाटली, बाजूला नजर पोचेल तिथवर पाणी, आणि प्यायला घोटभर नाही. मी स्वतःच्याच अकलेला शिव्या देत चाललो. तेव्हा मला एवढंच सुचलं. बाकीचं मोठीमायला सुचायचं होतं.

घरी पोचलो तेव्हा ती बाजेवर उठून बसली होती. कुंकू ताजं लावलेलं. मी हातपाय धुतले, ती थांबली. मी चहा केला, तो प्यायलो, ती थांबली. मग म्हणाली, "सांग."

"नाव हाय त्यायचं. दगडावर. मी हात लावून पायलं."

"नाव तं व्होटर लिस्टातबी रायते. तुया बापाचं अजून हाय. त्यानं काय होते?"

खरंच होतं. बाबांच्या नावाची चिठ्ठी अजून प्रत्येक निवडणुकीला घरी येते.

"पानी केवढं हाय?"

"लय हाय."

"तिकडचा काठ दिसते काय?"

मी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं मनात होतं. गाडीत विचार करून ठेवला होता, सांगू की दिसतो, धूसर दिसतो. पण तिनं नेमका तोच प्रश्न विचारला, जो मी बसमधून विचारला होता, आणि मला जमलं नाही. "नाई दिसत," मी म्हणालो. इंजिनाचं आणि गुळगुळीत पत्र्याचं मात्र मी पोटात ठेवलं. ते अजूनही पोटातच आहे.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हात पुढे केला. "पानी आनलं?"

मी बाटली दिली. तिनं टोपण माझ्याकडून उघडून घेतलं, उजव्या हाताच्या तळव्यात थोडं ओतलं, डोळ्यांना लावलं, डोक्याला लावलं आणि तीर्थ घेतात तसं पिऊन टाकलं.

ठसका लागला. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. मी धावत तांब्या आणला. तिनं चूळ भरली, पुन्हा भरली, तरी जीभ पदरानं पुसतच होती.

"हे काय होय रे?"

"समुद्राचं पानी, मोठीमाय. खारं रायते म्हटलं होतं ना."

"हे खारं होय? हे तं मीठ होय नुसतं. खाऱ्या विहिरीचं पानी तं पेता येते बापा." ती बाटलीकडे पाहत होती. "हे पेता येत नाई काय?"

"नाई."

"तहान लागली तरी?"

"पेलं तं आनखी तहान लागते म्हनतेत."

अंगणात कोंबड्या चरत होत्या. इतक्या वर्षांत पाणी देण्याची गोष्ट निघाली की ती आणखी एक बोलायची, ते मला आठवलं. बाबा फार मागे लागले की चिडून म्हणायची, "अन तुमी म्हनता तसे पान्यातच असन, तं पान्यातल्या मानसाले पान्याची काय कमी?" मग बाबा पुढची घागर भरायला घ्यायचे.

"मंग ते काय पेत असतीन?" मोठीमाय म्हणाली. माझ्याकडे पाहून नाही, बाटलीकडे पाहून. "इतके वर्सं ते काय पेत असतीन रे?"

आणि ती रडली. तार आली तेव्हा जी रडली नव्हती, शाल दिली तेव्हा नाही, सासू गेली, दीर गेला, तेव्हाही पदर तोंडाला लावून नुसती बसून राहिली होती, ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. मी शेजारी बसलो. पाठीवर हात ठेवावा की नाही ते कळेना. आमच्यात तशी पद्धत नाही. शेवटी ठेवला.

अखजी आली. कुंभार घागरी घेऊन गावात आला तेव्हा मोठीमाय काठी टेकत स्वतः बाहेर गेली. दरवर्षीच्या घागरी मी निवडल्या. एक तिनं निवडली. बोटानं टिचकी मारून, कानाजवळ धरून, एकेक बाजूला सारत गेली. शेवटी जी घेतली ती ओळीतल्या सगळ्यांपेक्षा मोठी. कुंभार म्हणाला, "मोठीमाय, हे तं लग्नाच्या कामाची हाय." ती म्हणाली, "असू दे."

नळाचं पाणी तिला चालेना. "नदीचं आन. त्यायले तेच आवडे." मी सायकलला हंडे बांधून घाटावरून आणलं. राशी घातल्या, घागरी मांडल्या, आजीच्या आणि बाबांच्या मधली जागा आता भरली होती. डोळ्यांना सवय नव्हती, भिंत एकदम छोटी वाटली. मी आजोबांचं नाव घेतलं, पाणी घ्या म्हणालो. आजीचं घेतलं. मग मोठेबाबांचं नाव घ्यायला तोंड उघडलं तर मोठीमायनं माझा हात दाबला.

"थांब. तुले ते ओळखत नाईत. मी मारते हाक."

मी तिच्या तोंडून ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं. कोणीच नसेल ऐकलं, लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि तिनं नावानं हाक मारली. हळू नाही, मंत्रासारखं पुटपुटून नाही. पलीकडच्या काठावरच्या माणसाला आपण या काठावरून हाक मारतो तशी, आवाज लांबवून, पुन्हा एकदा, आणि पुन्हा. शेजारच्या घरातली भांडी वाजायची थांबली.

"पानी घ्या," ती म्हणाली. "गोड हाय."

मी बाबांचं नाव घेतलं, आईचं घेतलं, बायकोचं घेतलं. तेवढ्यात शेजारची म्हातारी हाक ऐकून दारात आली. तिनं ओळीकडे पाहिलं, मोठ्या घागरीकडे पाहिलं, आणि पदर तोंडाशी नेत म्हणाली, "मानलं बाई शेवटी तुनं. गेले म्हून."

मोठीमायच्या कपाळावर कुंकू होतं. सकाळी आंघोळ करून लावलेलं, रोजच्याएवढंच मोठं.

"मेलेल्यालेच पानी देतेत काय वो?" ती म्हणाली. "तहानलेल्याले देतेत."

म्हातारी परत गेली. मोठीमाय खाली बसली, दम लागला होता. थोड्या वेळानं तिनं त्या मोठ्या घागरीवरचा आंबा बाजूला केला, तांब्या बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"घे. तूबी पे," ती म्हणाली. "तिकून आला तवापासून तहानलेलाच दिसून राह्यला."

मी तांब्या घेतला आणि तिच्यासमोर बसून सगळं पाणी प्यायलो.